किल्ली कुणाच्या हातात?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी वकील नाही. शिक्षणाने इंजिनिअर आणि पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. मग करारावर बोलायचा मला काय अधिकार? एवढाच, की माझा निम्मा दिवस ‘असं झालं तर काय करायचं’ हे लिहिण्यात जातो. नेट गेलं तर? खात्यातून पैसे कापले गेले आणि तिकीट निघालंच नाही तर? कुणी वयाच्या रकान्यात नाव टाकलं तर? सगळं सुरळीत चाललं तर काय होईल, हे लिहायला एक दिवस लागतो. हे सगळे ‘तर’ लिहायला आठवडा जातो.

करारही असाच असतो. पगार किती, भाडं किती, वीज किती रुपयांनी, मेहेर किती, हा झाला सुरळीत भाग. आणि बिनसलं तर कुणी कुणाला काय द्यायचं, कुणाला बाहेर पडता येईल, दाद कुठे मागायची, ही झाली संरक्षक कलमं. सुरळीत भाग सगळे वाचतात. संरक्षक कलमं बारीक अक्षरात, शेवटच्या पानांवर असतात आणि तिथे पोचेपर्यंत आपण सही करून मोकळे झालेलो असतो.

आपल्याकडे एक समजूत फार घट्ट आहे. घरच्या माणसाशी, ओळखीच्या माणसाशी, सोयरिकीत लिहून घेणं म्हणजे अविश्वास दाखवणं. ‘आमच्यावर भरवसा नाही का?’ असं कुणी विचारलं की आपण शरमतो. ज्यांना धर्माचा दाखला लागतो त्यांच्यासाठी सांगतो, कुरआनातली सगळ्यात लांब आयत नमाज-रोजावर नाही. ती उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, सूरह अल-बकराची २८२ वी. त्यात एक बारीक गोष्ट आहे. मजकूर सांगायचा कुणी? तर ज्याच्यावर देणं चढणार आहे त्याने. आजच्या व्यवहारात बघा, बँकेचा मजकूर बँक लिहिते, कंपनीचा कंपनी, घराचा एजंट. ज्याच्यावर बोजा पडणार तो फक्त सही करतो.

म्हणून कुठलाही करार हातात आला की मी तीन प्रश्न विचारतो. तेवढेच आज तुम्हाला द्यायचे आहेत.

पहिला: हे कलम कुणाला वाचवतं, आणि कशापासून?

दुसरा: ते वापरायची वेळ आली की नाही, हे ठरवणार कोण?

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा: ज्याला वाचवायचं आहे त्याला ते कलम स्वतःच्या हाताने वापरता येतं का? कुलूप माझ्या दाराला आहे, पण किल्ली कुणाच्या हातात आहे?

सुरुवात नोकरीपासून करू, कारण इथले निम्मे जण येत्या वर्ष-दोन वर्षांत पहिल्या ऑफर लेटरवर सही करणार आहेत.

माझ्याकडे ज्युनिअर मुलंमुली ऑफर लेटर घेऊन येतात. पगाराचं पान पाठ असतं. मी विचारतो, नोटीस पिरियड किती? उत्तर येतं, ‘तीन महिने.’ तुझ्यासाठी तीन महिने, कंपनीसाठी किती? मग कागद उलटायला लागतात. कितीतरी वेळा असं निघतं की कर्मचाऱ्याने तीन महिने आधी सांगायचं आणि कंपनीने एका महिन्याचा पगार देऊन कधीही घरी पाठवायचं. दोघांनी एकाच कागदावर सही केलेली असते, पण किल्ली एकाकडेच असते.

दुसरं कलम असतं, ‘नोकरी सोडल्यानंतर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत काम करणार नाही.’ हे वाचून मुलं घाबरतात. इथे आपला एक जुना कायदा कामाला येतो, १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याचं कलम २७ सांगतं की माणसाला कायदेशीर व्यवसाय किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. त्यामुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडची न्यायालयं सहसा मान्य करत नाहीत. कंपनीची गुपितं बाहेर न नेण्याचं बंधन मात्र कायम राहतं. ते पाळायलाच हवं.

पण म्हणून ‘बाँड-बिंड काही चालत नाही’ असा व्हॉट्सॲपी समजही करून घेऊ नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. किमान तीन वर्षं नोकरी करीन, नाहीतर दोन लाख रुपये भरीन, असा करार होता. अधिकारी आधीच राजीनामा देऊन गेले. न्यायालयाने ती अट वैध ठरवली. नोकरी चालू असतानाचं बंधन आणि नोकरी सुटल्यानंतरची बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाजगी कंपनीच्या बाँडमध्येही आकडा लिहिलाय म्हणून तो अख्खा वसूल होईलच असं नाही. त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी असावी लागते, आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते.

आणखी एक निकाल लक्षात ठेवा, १९८६ चा. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाच्या सेवा नियमात एक कलम होतं. कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन, काही कारण न सांगता काढता येईल. ब्रजोनाथ गांगुली यांनी त्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दोन बाजूंच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, दुबळ्या बाजूला ‘सही कर नाहीतर नोकरी सोड’ एवढाच पर्याय असतो, तेव्हा असं एकतर्फी कलम सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्द ठरतं. म्हणजे सही केली की सगळं संपलं, असं कायदासुद्धा मानत नाही. पण हेही पाहा, की हे ऐकायला माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. सही करायच्या आधी पाच मिनिटं वाचणं त्यापेक्षा खूप स्वस्त पडतं.

आता घर.

पुण्या-मुंबईत आपल्या नावावर घर भाड्याने मिळणं किती अवघड असतं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. आडनाव ऐकून फोन ठेवणारे एजंट इथल्या प्रत्येकाने ऐकले आहेत. त्याचा एक परिणाम आपण बोलत नाही. चौथ्या-पाचव्या नकारानंतर कुणी ‘हो’ म्हटलं की आपण इतके सुटकेचा श्वास टाकतो की कागदावर काय आहे ते वाचतच नाही. गरजू माणसाचा करार नेहमी वाईट असतो. म्हणून आपल्याला तर तो जास्तच नीट वाचायला हवा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याचं कलम ५५ मला फार आवडतं. भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्स लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खरी गंमत पुढे आहे. नोंदणीकृत करारच नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर भाड्याने राहणारा जे सांगेल ते ग्राह्य धरलं जाईल, जोवर उलट सिद्ध होत नाही. बघा, कायदा करणाऱ्यांनी इथे काय केलं? दुबळ्या बाजूला नुसता दिलासा दिला नाही, किल्ली दिली. मालकाला नोंदणी टाळणं महाग पडेल अशी व्यवस्था केली. संरक्षक कलम असं लिहितात.

त्याच कायद्यात मालकाच्या बाजूचंही कलम आहे, २४ वं. मुदत संपल्यावर लायसन्सवर राहणाऱ्याने घर सोडलं नाही तर दुप्पट दराने भरपाई. तेही वाजवीच आहे, मालकालाही संरक्षण हवं. दोन्ही बाजूंना आपापली किल्ली असली की भांडणं कमी होतात. तुम्ही एवढंच करा. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, त्यातून कशाचे पैसे कापता येतील, हे करारात लिहून घ्या, आणि ताबा घेतल्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो मालकाला पाठवून ठेवा. ‘रंगकाम आणि इतर दुरुस्ती’ या चार शब्दांत आख्खं डिपॉझिट गडप झालेलं मी मित्रांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता आकडे मोठे करू. पगार आणि डिपॉझिटच्या ऐवजी हजारो कोटी, आणि सही करणारे म्हणजे सरकार. प्रश्न मात्र तेच तीन.

आपल्याच कोकणात, गुहागर तालुक्यात, दाभोळचा वीज प्रकल्प झाला. तुमच्यातल्या रत्नागिरीकडच्या मुलांनी एन्रॉनचं नाव घरात ऐकलं असेल. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. त्यातली संरक्षक कलमं ऐका. मंडळाने वीज घेतली किंवा नाही घेतली, प्रकल्प तयार ठेवल्याबद्दल ठरलेला मोठा आकार द्यायचाच. दर डॉलरशी जोडलेला, म्हणजे रुपया घसरला तर भुर्दंड आपल्याला. इंधन महागलं तरी बोजा मंडळावर. मंडळाने पैसे बुडवले तर राज्य सरकारची हमी. राज्याने हात वर केले तर केंद्र सरकारची प्रतिहमी. वाद झाला तर लवाद लंडनमध्ये.

पहिला प्रश्न विचारू. कुणाला वाचवलं? कंपनीला. कशापासून? जवळपास सगळ्यापासून: मागणी घटण्यापासून, रुपयापासून, इंधनाच्या भावापासून, सरकार बदलण्यापासून. धंद्यातला प्रत्येक धोका कुणाच्या तरी डोक्यावर असतोच. कलमं लिहून धोका नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या डोक्यावर सरकतो. इथे तो वीज मंडळाच्या, म्हणजे शेवटी वीजबिल भरणाऱ्याच्या डोक्यावर आला.

१९९५ मध्ये राज्यात सरकार बदललं आणि नव्या सरकारने करार रद्द केला. कंपनीने लंडनमध्ये लवाद सुरू केला. पुढच्या वर्षी फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प पुन्हा उभा राहिला, तोही आधीपेक्षा मोठा. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची, ७४० मेगावॅटची, वीज सुरू झाली. महाग वीज म्हणून मंडळ ती कमी घ्यायचं. पण ठरलेला आकार तर तेवढाच. मग तो थोड्या युनिटांत विभागला जायचा आणि प्रत्येक युनिट आणखी महाग पडायचं, काही महिन्यांत सात रुपयांच्याही वर. शाळेतला भागाकार आहे, पण राज्याचं वीज मंडळ त्याने जेरीला आलं. २००१ मध्ये कंपनीने केंद्राच्या प्रतिहमीवर बोट ठेवलं, मे महिन्यात मंडळाने खरेदी थांबवली, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत खुद्द एन्रॉननेच दिवाळं काढलं.

तरी गोष्ट संपली नाही. प्रकल्पातल्या दुसऱ्या दोन अमेरिकन कंपन्या, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल, यांनी गुंतवणूक मॉरिशसमार्गे केली होती. त्यांनी भारत-मॉरिशस गुंतवणूक संरक्षण कराराचा आधार घेऊन थेट भारत सरकारविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली. २००५ मध्ये तडजोड झाली. हे गुंतवणूक संरक्षण करार दोन देशांमधले असतात, पण त्यांतली किल्ली कंपनीच्या हातात असते. कंपनीला आपल्या देशाच्या सरकारची मनधरणी करावी लागत नाही, ती स्वतः दावा लावते.

आता त्याच गावातली दुसरी बाजू. शेजारच्या वेलदूरच्या कोळी बायकांना, अंजनवेलच्या शेतकऱ्यांना या करारात कुठलं कलम होतं? एकही नाही. ते करारात पक्षच नव्हते. त्यांनी आंदोलन केलं तेव्हा पोलिसांनी लाठ्या चालवल्या, घरांत शिरून बायकांना पकडून नेलं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ मध्ये आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये त्यावर अहवाल काढले. अहवाल निघाला, एवढाच त्यांच्या वाट्याला आलेला दिलासा. गुंतवणुकीसाठी लवाद, आणि माणसांसाठी अहवाल.

कुणी म्हणेल, आंतरराष्ट्रीय करारांत माणसांच्या संरक्षणाची कलमं नसतात का? असतात. अल्पसंख्याकांसाठी तर शंभर वर्षांपूर्वीपासून आहेत. त्यातलं एक उदाहरण आपण मुसलमान तरुणांनी मुद्दाम अभ्यासावं असं आहे.

२४ जुलै १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात तुर्कस्तान आणि मित्रराष्ट्रांचा तह झाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला होता. धर्म पाहून लाखो माणसं इकडची तिकडे केली गेली. दोन गट मात्र वगळले: इस्तंबूलमधले ग्रीक ख्रिश्चन आणि ग्रीसच्या पश्चिम थ्रेस भागातले मुसलमान. त्यांच्यासाठी तहात ३७ ते ४५ ही संरक्षक कलमं आली. धर्म, भाषा, शाळा, कौटुंबिक रीतिरिवाज यांचं संरक्षण. ती तुर्कस्तानातल्या बिगर-मुस्लिमांना उद्देशून लिहिली, आणि ४५ व्या कलमात म्हटलं की हेच हक्क ग्रीस आपल्या मुस्लिम अल्पसंख्याकांना देईल.

वाचायला सुंदर कलम आहे. पण दोन्ही सरकारांनी ते कसं वाचलं? ‘तुम्ही आमच्या माणसांना नीट वागवा, मग आम्ही तुमच्या माणसांना नीट वागवू.’ ‘तुमची माणसं’ म्हणजे कोण? स्वतःचेच नागरिक. पुढच्या काळात दोन्ही देशांत वितुष्ट आलं की झळ याच माणसांना बसली. १९५५ मध्ये इस्तंबूलमध्ये ग्रीकांच्या दुकानांवर, चर्चवर हल्ले झाले आणि हळूहळू तो समाज तिथून जवळजवळ नाहीसा झाला. तिकडे ग्रीसने, देश सोडून गेलेत आणि परत येणार नाहीत असं ठरवून थ्रेसमधल्या हजारो मुसलमानांचं नागरिकत्व काढून घेतलं. ती तरतूद १९९८ मध्ये रद्द झाली. संरक्षणाची किल्ली शेजारच्या देशाच्या हातात दिली, की आपण नागरिकाचे ओलीस होतो.

याच थ्रेसमधली दुसरी गोष्ट अलीकडची आहे. तिथल्या एका मुस्लिम गृहस्थाने नोटरीसमोर, ग्रीसच्या सर्वसाधारण कायद्याप्रमाणे मृत्युपत्र केलं आणि सगळी मालमत्ता बायकोला दिली. २००८ मध्ये तो वारला. त्याच्या दोन बहिणी कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं, तो मुसलमान होता, तहाने थ्रेसच्या मुसलमानांना शरियत लागू आहे, म्हणून असं मृत्युपत्र चालत नाही. खालच्या दोन न्यायालयांनी विधवेची बाजू घेतली. पण ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाने बहिणींचं मानलं. तहातल्या संरक्षणाचा हवाला देऊन त्या बाईच्या हातून तीन चतुर्थांश मालमत्ता गेली. म्हणजे ज्या कलमाने तिला वाचवायचं, तेच तिच्यावर उलटलं.

ती युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. १९ डिसेंबर २०१८ रोजी तिथल्या १७ न्यायाधीशांनी एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला. आशय असा: तहाने ग्रीसवर शरियत लादण्याची सक्ती केलेली नाही. अल्पसंख्याक समाजातल्या व्यक्तीला, इच्छा असेल तर, सगळ्या नागरिकांना लागू असलेला कायदा निवडता आला पाहिजे. निकाल येण्याआधी त्याच वर्षाच्या सुरुवातीला ग्रीसने कायदा बदलून शरियत ऐच्छिक केली होती.

इथे आपला तिसरा प्रश्न पुन्हा विचारा. कलम समाजाला संरक्षण देत होतं, पण समाजातली एक बाई ते स्वतः वापरू किंवा नाकारू शकत होती का? नाही. समाजाच्या नावाने मिळालेली किल्ली समाजातले ताकदवान लोक ठेवून घेतात. थ्रेस आपल्यापासून दूर आहे, पण हे वाक्य ऐकताना मला फार दूरचं वाटत नाही.

आपल्या देशाने या बाबतीत वेगळा रस्ता घेतला, आणि तो शहाणपणाचा होता असं माझं मत आहे. फाळणीनंतरच्या दंगलींमुळे ८ एप्रिल १९५० रोजी नेहरू आणि लियाकत अली खान यांच्यात करार झाला. तोही अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठीच होता. पण त्यात एक गोष्ट स्पष्ट होती: अल्पसंख्याकांची निष्ठा आपापल्या देशाशी, आणि गाऱ्हाणं मांडायचं तेही आपल्याच देशाच्या सरकारकडे. शेजारच्या देशाकडे नाही. त्याच्या आधीच, २६ जानेवारीला, संविधान लागू झालं होतं. त्यात कलम २५ आहे, २९ आणि ३० आहेत, आणि ३२ आहे. हक्क मोडला तर नागरिकाने थेट सर्वोच्च न्यायालयात जावं, हे कलम ३२. बाबासाहेब आंबेडकरांनी याच तरतुदीला संविधानाचा आत्मा म्हटलं होतं. का, ते आता तुम्हाला कळेल. बाकी कलमं म्हणजे कुलपं आहेत. ३२ ही किल्ली आहे, आणि ती कुठल्या समाजाच्या पुढाऱ्याकडे नाही, प्रत्येक माणसाकडे आहे. तिथवर पोचायला पैसे लागतात, वर्षं लागतात, निकाल मनासारखा लागेलच असं नाही, हे सगळं खरं. पण किल्ली आपल्या नावावर असणं ही लहान गोष्ट नाही.

आता शेवटचा करार. हा इथल्या बहुतेकांच्या आयुष्यात येणार आहे. निकाहनामा.

आपण अभिमानाने सांगतो की इस्लाममध्ये लग्न हा करार आहे. बरोबर आहे. मग करार वाचतो का? हॉलमध्ये बिर्याणीचा वास सुटलेला असतो, काझीसाहेबांना दुसऱ्या निकाहला जायचं असतं, छापील फॉर्म बहुतेक वेळा उर्दूत असतो, आणि मराठी शाळेत शिकलेल्या मुलीच्या पुढे तो ठेवून बोटाने जागा दाखवली जाते, ‘इथे सही.’ लग्नाच्या जेवणाचा मेन्यू ठरवायला दोन्ही घरं चार वेळा बसतात. या कागदावर पाच मिनिटंही नाहीत.

आणि या कागदात किती जागा आहे बघा. मेहेर किती हे तर असतंच, पण त्यातला किती ताबडतोब आणि किती नंतर, हे लिहिता येतं. लग्नानंतर शिक्षण आणि नोकरी चालू राहील, राहायची व्यवस्था काय असेल, अशा वाजवी अटी लिहिता येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तलाक-ए-तफवीज. म्हणजे नवरा तलाकचा आपला अधिकार, ठरलेल्या अटींवर, बायकोला सोपवतो. त्याने दुसरं लग्न केलं, मारहाण केली, खर्चाला पैसे दिले नाहीत, तर ती हा अधिकार वापरून स्वतः मोकळी होऊ शकते. ही कुणा सुधारकाची कालची कल्पना नाही. जुन्या फिकहमध्ये ती आहे, आणि आपल्या न्यायालयांनीही मानली आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९५० मध्येच अशी अट वैध धरली. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या छापील निकाहनाम्यात १८ वा रकाना यासाठीच आहे. पाकिस्तानात कितीदा तरी त्या रकान्यावर नवरीला न विचारता काट मारली जाते. पुन्हा तेच: कलम आहे, किल्ली नाही.

तुम्ही म्हणाल, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तलाक रद्द केला, २०१९ चा कायदा आला, मग आणखी काय पाहिजे? त्या निकालाने बाईला एका वाक्यात घराबाहेर काढणं थांबवलं. पण जिला स्वतः बाहेर पडायचं आहे तिचं काय? तिच्यासाठी १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे, चांगला आहे, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते आणि कारण सिद्ध करावं लागतं. खुला घ्यायचा तर प्रथेत नवऱ्याची संमती लागते आणि बहुतेकदा मेहेर सोडावा लागतो. तफवीजची अट लिहिलेली असेल तर किल्ली तिच्या पर्समध्ये असते. ती वापरावी लागू नये अशीच सगळ्यांची दुआ असते. घरात एमसीबी बसवतो तेव्हा आग लागावी असं कुणाला वाटतं का?

इथे बसलेल्या मुलांना एक सांगतो. ही अट मुलीच्या बापाने मागावी आणि मुलाच्या बापाने नाराज व्हावं, हा प्रकार आपण थांबवू शकतो. मुलाने स्वतः म्हणावं, ‘आमच्या निकाहनाम्यात हे लिहायचं आहे.’ अर्धं भांडण तिथेच मिटतं. आणि मुलींनो, ‘लोक काय म्हणतील’ हे विचारणारे लोक पुढे कोर्टात तारखेला तुमच्याबरोबर येत नाहीत.

काम काय करायचं, ते सांगून थांबतो. आपापल्या मोहल्ल्यात निकाहनाम्याचा जो फॉर्म वापरतात त्याची एक प्रत मिळवा. उर्दू येणाऱ्या कुणाला तरी घेऊन बसा आणि त्याचं मराठी करा. प्रत्येक रकान्यासमोर लिहा, हे कुणाला वाचवतं, ठरवणार कोण, वापरणार कोण. काझीसाहेबांना भेटा, भांडायला नको, विचारायला जा. बरेच काझी ‘आजवर कुणी विचारलंच नाही’ असं म्हणतील. तफवीजची अट नीट शब्दांत कशी लिहायची, हे एखाद्या वकिलाकडून तपासून घ्या, कारण ढिसाळ लिहिलेली अट कोर्टात टिकत नाही. आणि हा मराठी मसुदा निकाहच्या किमान पंधरा दिवस आधी दोन्ही घरांत पोचेल, आणि नवरा-नवरी दोघंही तो वाचतील, एवढं बघा.

तेच भाड्याच्या घराचं, तेच ऑफर लेटरचं. वाचा, विचारा, आणि जमेल तिथे एक ओळ बदलून मागा. दहापैकी आठ वेळा ‘नाही’ म्हणतील. दोन वेळा ‘हो’ म्हणतील, आणि त्या दोन ओळी आयुष्यभर तुमच्या बाजूने उभ्या राहतील.